गाडी छान आहे, फोटोचं बोला : परीक्षणाला फोटो देणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही काही हौशी मंडळी एकमेकांनी काढलेले गाड्यांचे फोटो पडद्यावर लावतो आणि त्यांची चिरफाड करतो. एसटी, रेल्वे, ट्रक, जुन्या मोटारी, रिक्षा, उसाचे ट्रॅक्टर असं सगळं चालतं. फोटोग्राफीवर पोट असलेलं आमच्यात कोणी नाही. नवीन येणाऱ्यांचे प्रश्न बरेचसे तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

परीक्षणात नेमकं काय होतं?

फोटो काढणाऱ्याचं नाव लपवून फोटो पडद्यावर येतो. तिघं जण बोलतात. ज्याचा फोटो आहे त्याने तोवर गप्प बसायचं. हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो, कारण "अहो, तिथे उभं राहायला जागाच नव्हती" हे वाक्य जिभेवर तयार असतं. फोटो बघणाऱ्याला ती जागा दिसत नाही, चौकट दिसते. शेवटी तीनपैकी एक शेरा मिळतो : ठेवा, सुधारा किंवा पुन्हा काढा. गुण देत नाही. पूर्वी दहापैकी द्यायचो, तेव्हा सगळं बोलणं साडेसहा की सात यातच अडकायचं.

माझ्या फोटोतली गाडी दुर्मीळ आहे. त्याला काहीच किंमत नाही?

आहे, पण ती गाडीची किंमत. १५ सप्टेंबर २०२३ ला बेस्टची जुनी डिझेल डबलडेकर शेवटची धावली. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर प्रीमियर पद्मिनीची टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे तारीख आधीपासून ठरलेलीच होती. त्या दोन महिन्यांत आमच्याकडे फोटोंचा पूर आला. बहुतेक फोटोंत गाडीपेक्षा इतरांचे वर केलेले मोबाईल जास्त. काढणाऱ्याला त्यात आपलं बालपण दिसत होतं, बघणाऱ्याला कोपरं.

दर १ जूनला पुणे स्टेशनात डेक्कन क्वीनचा वाढदिवस होतो (गाडी १९३० ची), तेव्हाही हेच. माळांनी झाकलेलं इंजिन, समोर केक, आणि फोटोत गाडी कुठली ते खाली लिहिल्याशिवाय कळत नाही. सोहळा टिपायचा असेल तर माणसं टिपा, त्यांचे चेहरे घ्या. गाडी टिपायची असेल तर दुसऱ्या दिवशी या, ती रोजच सुटते.

गाडीवर जीव असणं हीच आपल्या सगळ्यांची अडचण आहे. ज्या गाडीने आजोळी गेलो तिचा फोटो वाईट आला तरी आपल्याला चांगलाच दिसतो. तीन परक्या डोळ्यांची गरज त्यासाठीच.

मोबाईलवर काढलेले फोटो चालतात का?

चालतात. मात्र दोन गोष्टी सांभाळा.

मोबाईलची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते, साधारण २४ ते २६ मिमी. मोटारीजवळ जाऊन काढलं की दाराच्या भिंगातून पाहुण्याचं नाक दिसतं तसं बॉनेट पुढे येतं आणि मागचा भाग आक्रसतो. दहा पावलं मागे जा, दोनपट किंवा तीनपट लेन्स लावा. कॅमेऱ्यावर असाल तर ७० ते १०० मिमीच्या आसपास गाडीचा आकार खरा वाटतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. लांबून झूम केलं की हल्लीचे मोबाईल हरवलेला तपशील स्वतःच्या मनाने भरतात. इंग्रजी अक्षरांत ते कदाचित खपून जातं. एसटीच्या पाटीवर "सातारा" असेल तिथे रेघोट्यांसारखं काहीतरी उमटतं, काना एकीकडे, अक्षर दुसरीकडे. फोटो पाठवण्याआधी पाटी शंभर टक्के मोठी करून वाचा. वाचता येत नसेल तर परीक्षकांनाही येणार नाही, आणि पाटी नसलेली एसटी म्हणजे अर्धी गोष्ट.

फाईल कशी पाठवायची?

जेपीईजी, लांब बाजू किमान २००० पिक्सेल, रंग एसआरजीबी. व्हॉट्सॲपवर पाठवत असाल तर "डॉक्युमेंट" म्हणून जोडा. फोटो म्हणून टाकलात तर तो दाबून लहान होतो आणि पडद्यावर लापशी दिसते. कोपऱ्यात सही, लोगो, "अमुक क्लिक्स" नको. नाव लपवायचं असतं ना!

फोटोतली शटर, ॲपर्चरची माहिती पुसू नका, चर्चेत ती लागते. खासगी मोटारीचा फोटो तिच्या मालकाच्या अंगणात काढला असेल तर स्थळाची माहिती तेवढी काढून टाका.

कुठले फोटो परीक्षणाला घेतच नाही?

रुळांत उभं राहून काढलेले. फोटो कितीही भारी असो, परत जातो. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण आमचा मुद्दा कायद्याच्या आधीचा आहे. विजेवरची गाडी समोरून येताना फारसा आवाज करत नाही, आणि डोळा कॅमेऱ्याला लावलेल्या माणसाला अंतर कळत नाही. लांबचं जवळ आणणाऱ्या टेली लेन्समधून तर मुळीच नाही. फलाटावरून काढायचं तर पिवळ्या पट्टीच्या मागे राहून आणि प्लॅटफॉर्म तिकीट खिशात. रेल्वे पोलिसाने हटकलं तर कॅमेरा खाली करा, वाद घालू नका.

द्रुतगती मार्गाच्या कडेला गाडी थांबवून काढलेलेही नाहीत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून जाणारी शिवनेरी टिपायची असेल तर वरून जाणाऱ्या पुलांचा विचार करा.

चालत्या गाडीच्या चालकावर फ्लॅश मारलेला फोटो नाही. लष्करी वाहनं आणि छावणीतले फोटो नाहीत. ड्रोनचा फोटो असेल तर ती जागा डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर कुठल्या रंगात येते ते आधी बघा. लाल पट्ट्यातला फोटो आम्ही उघडतसुद्धा नाही.

नंबर प्लेट झाकायची का?

खासगी गाडीची झाका, मालक स्वतः "राहू दे" म्हणाला नसेल तर. काळी पट्टी मारू नका, प्लेटच्याच रंगाने हलकेच पुसा.

एसटीची मात्र कधीही झाकू नका. जाणकार नंबरावरून गाडीचं कूळ सांगतो. एमएच १४ असेल तर ती बहुधा दापोडीच्या कार्यशाळेत बांधलेली, एमएच २० असेल तर चिकलठाण्याची, एमएच ४० असेल तर नागपूरजवळच्या हिंगण्याची. आगाराचं नाव अंगावर लिहिलेलं असतं, तेही चौकटीत आलं तर उत्तम. आमच्यात काही जण केवळ या अक्षरांसाठी फोटो बघतात आणि बाकी चर्चेच्या वेळी चहाला जातात. त्यांचं आम्ही मनावर घेत नाही.

उभ्या मोटारीचा फोटो सपाट का येतो?

बहुतेकांचा कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असतो. तिथून मोटारीचा टप जास्त दिसतो आणि ती रस्त्याला चिकटल्यासारखी वाटते. गुडघा टेकवा, लेन्स हेडलाइटच्या उंचीवर आणा. पुढची बाजू आणि एक कूस अशा दोन्ही दिसतील असा तिरपा कोन घ्या. पुढची चाकं वळवताना त्यांचं तोंड कॅमेऱ्याकडे येईल असं बघा. टायरची नक्षी दिसली की चाक उलट बाजूला वळलंय. जुन्या गाडीचा व्हीलकॅप हा तिचा चेहरा असतो, तो लपवू नका.

मग गाडीभोवती एक फेरी मारा आणि तिच्या अंगात काय दिसतंय ते बघा. ताज्या पॉलिशच्या काळ्या दारात विजेचा खांब, पलीकडचं पानाचं दुकान, पांढऱ्या शर्टातले तुम्ही असे सगळे हजर असता. गडद कपडे घालून जाणारे आमच्यात आहेत, त्यांना हसू नका.

रंग खरे येत नाहीत. कॅमेरा बदलू का?

नको. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या उजळपणाचं धरून चालतं. म्हणून पांढरी मोटार मळकट येते आणि काळी फिकट. पांढरीला एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वाढवा, काळीला तितकंच कमी करा. काळी-पिवळी टॅक्सी यातली परीक्षा : खाली काळं, वर उन्हात चमकणारा पिवळा टप. टप सांभाळा. काळ्यातला तपशील नंतर थोडा उचलता येतो, जळालेला पिवळा परत येत नाही.

लालपरीचं दुखणं वेगळं आहे. संध्याकाळच्या उन्हात तिचा लाल रंग इतका तापतो की साधा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) ठीक दिसत असतानाही त्यातला लालचा आलेख उजव्या भिंतीला जाऊन धडकलेला असतो. पडद्यावर मग नुसता लाल ठोकळा दिसतो. पत्र्यांचे सांधे, रिवेटांची ओळ, गचके खाऊन आलेला पोचा, सगळं गायब. तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि लाल भिंतीला लागला की अर्धा-पाऊण स्टॉप खाली या. फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर जरा मंद वाटेल. वाटू दे.

पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) घ्यावा का?

घ्या. पुढच्या काचेवरचं आभाळ हटलं की चालक दिसतो, आणि रंगावरची चकाकी गेली की रंग दाट होतो. क्रोमच्या बंपरवर मात्र त्याचा उपयोग नाही, धातूवरचं प्रतिबिंब त्याने जात नाही. उजेड एक-दीड स्टॉपने कमी होतो, तेव्हा पळत्या गाडीला लावताना विचार करा. बाजूच्या आणि मागच्या काचांवर कधीकधी निळसर-जांभळे ठिपके उठतात. ती कडक केलेली काच असते आणि तिच्यातला ताण पोलरायझरमुळे दिसू लागतो. फिल्टर थोडा फिरवला की ठिपके कमी होतात. पूर्ण फिरवून ठेवायची सवय सोडा.

पळती बस टिपली, पण उभी असल्यासारखी दिसते. असं का?

शटर फार वेगवान ठेवलंत. हिशेब करू. ताशी ४० किलोमीटरने जाणारी बस सेकंदाला अकरा मीटर जाते. १/१००० सेकंदात ती जेमतेम एक सेंटिमीटर हलते, चाकं गोठतात आणि रस्त्यावर बस पार्क केल्यासारखी दिसते. १/६० ला तीच बस अठरा सेंटिमीटर जाते. कॅमेरा तिच्याबरोबर फिरवलात तर बस स्वच्छ येते, मागची झाडं आणि दुकानं ओढली जातात, चाकं फिरताना दिसतात.

सुरुवात १/१२५ पासून करा आणि जमेल तसं खाली या. पाय जिथे शॉट घ्यायचा त्या दिशेला, बस येते तिकडे फक्त कंबरेतून वळा. शटर दाबल्यावर हात थांबवू नका, बस जाईपर्यंत फिरत राहा. बहुतेकांचं इथेच बिघडतं. परीक्षक सर्वांत आधी आगाराचं नाव वाचून बघतात. ते वाचता आलं तर पॅनिंग, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवणं, जमलं. पुढचा भाग स्पष्ट आणि मागचा अस्पष्ट असेल तरी चालतं, उलटं मात्र नाही.

जाता जाता दिव्यांच्या पाट्यांबद्दल. नव्या बसच्या एलईडी पाट्या सतत पेटलेल्या दिसतात, पण प्रत्यक्षात ओळीओळीने लुकलुकत असतात. वेगवान शटरला अर्धं गावच येतं. १/१०० किंवा त्याहून मंद शटर लावून दोन-तीन फोटो घ्या, एखाद्यात पूर्ण नाव मिळतं. जुन्या पत्र्याच्या पाट्यांना हा त्रास नव्हता, असं म्हणणारे दर बैठकीला एक-दोघं असतात.

घाटातला फोटो तिरका आहे असा शेरा आला. गाडी तर सरळ आहे!

म्हणूनच. बोरघाटात आणि कसाऱ्याच्या थळघाटात रुळांचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे साधारण दीड अंश. याच चढासाठी मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावतात. घरी येऊन डबे आडव्या रेषेला समांतर केलेत की दीड अंशाचा तिरकेपणा झाडांत, खांबांत, बोगद्याच्या तोंडाच्या भिंतीत जातो. बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण डोळा अडखळतो. घाटात सरळ धरायचं ते बांधकाम. बोगद्याची कड नाहीतर सिग्नलचा खांब बघा. गाडी चढत असेल तर चढताना दिसू दे. १८६३ मध्ये बोरघाटातला मार्ग सुरू झाला तेव्हापासून तो चढ हीच तिथली गंमत आहे.

तारा आणि खांब कसे टाळायचे?

टाळता येत नाहीत. कोकण रेल्वेवरसुद्धा २०२२ मध्ये पूर्ण विद्युतीकरण झालं, तेव्हा मोकळ्या आभाळाखाली डिझेल इंजिन हे दृश्य आता जुन्या फोटोंतच. खांब इंजिनाच्या नाकावर येऊ नये एवढं बघा. दोन खांबांच्या मधल्या मोकळ्या जागेत इंजिनाचा चेहरा येईल तो क्षण आधी रिकाम्या रुळांवर नेम धरून ठरवा, गाडी आल्यावर ठरवायला वेळ नसतो.

कुठल्या महिन्यात चांगले फोटो मिळतात?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांना माहीत आहेत. सूर्य दिवसभर दक्षिणेकडून कललेला असतो, त्यामुळे पूर्व-पश्चिम रस्त्याच्या दक्षिण बाजूला उभं राहिलात की दुपारीसुद्धा गाडीच्या कुशीवर ऊन मिळतं. याच दिवसांत कोल्हापूर-सांगलीकडे उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत निघतात. संध्याकाळची धूळ, मागून ऊन, टेपवर गाणी. गाणी फोटोत येत नाहीत, बाकी सगळं येतं.

मेच्या मध्यावर मुंबई-पुण्यात भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. टप पांढराफटक, खाली सगळं काळं. तेव्हा घरी झोपा.

आमची खरी शिफारस जूनचा दुसरा पंधरवडा. धूळ बसलेली असते, ढगांमुळे उजेड सगळीकडून सारखा येतो, ओल्या डांबरात हेडलाइट लांबवर उतरतो. लेन्स पुसायला जुनं सुती धोतर न्या.

एडिटिंग किती चालेल?

उजेड, रंग, कापाकापी, सेन्सरवरचा ठिपका पुसणं चालेल. आभाळ बदलणं, खांब पुसणं, चाकांना नंतर फिरवलेला धूसरपणा लावणं, एआयने भरलेली कड हे चालणार नाही. चाकं खोटी फिरवलेली लगेच कळतात : चाकाभोवतीचं मडगार्डही थोडं फिरलेलं असतं.

माहिती किती लिहायची?

कुठली गाडी, कुठे, केव्हा. आणि जे फोटोत दिसत नाही ते एखाद्या वाक्यात. उदाहरणार्थ, एसटीची विजेवरची ई-शिवाई १ जून २०२२ ला पुणे-अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) मार्गावर सुरू झाली, एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला ज्या मार्गावर धावली त्याच मार्गावर. हे लिहिलंत की साधा फोटोही लोक दुसऱ्यांदा बघतात. खात्री नसेल तर गाडीचा प्रकार लिहू नका. प्रत्येक लाल गाडी साधी नसते आणि हिरवी-पांढरी दिसली की ती शिवशाहीच असते असं नाही. चूक दाखवायला सभागृह टपलेलंच असतं.

घरातल्या अल्बममधले जुने फोटो देता येतात का?

आनंदाने. ६०० डीपीआयला स्कॅन करा, मागच्या बाजूला काही लिहिलं असेल तर तीही बाजू स्कॅन करा. रंग भरू नका, चुरगळा मिटवू नका. आजोबा फियाटच्या बॉनेटवर हात ठेवून उभे असलेल्या फोटोवर "सुधारा" असा शेरा देत नाही, फक्त गाडी आणि जागा ओळखायला मदत करतो.

कोकण रेल्वेच्या रो-रो गाडीचा फोटो ट्रकमध्ये टाकू की रेल्वेत?

यावर एक अख्खी बैठक गेली आहे. १९९९ पासून कोलाड-वेर्णा मार्गावर ट्रक वाघिणींवर चढून जातात. आमचा तोडगा : चालक केबिनमध्ये पाय पसरून झोपलेला दिसत असेल तर ट्रक, नाहीतर रेल्वे. गोव्यातले पिवळ्या मडगार्डचे मोटारसायकल पायलट दुचाकीत येतात. बैलगाडी चालते. विमान आणि होडी नाही.

मला बोलायची वेळ आली तर काय बोलू?

"अप्रतिम" आणि "छान टिपलंय" यांच्यावर बंदी आहे. जागा दाखवून बोला : "डाव्या कडेची अर्धी रिक्षा डोळा ओढते", "पुढची काच पांढरी झाल्यामुळे चालक हरवला". काय केलं असतं तर बरं झालं असतं तेही सांगा. चांगलं असेल तर तेही तितकंच नेमकं. "मी असतो तर" ने सुरू होणारी वाक्यं शक्यतो गिळा, तुम्ही तिथे नव्हता. आणि माणसावर घसरू नका. नाव लपवलेलं असलं तरी मागच्या खुर्चीत कोणाचे कान लाल झालेत ते दिसतंच.

शेरा पटला नाही तर?

तिघांचं बोलून झाल्यावर तुम्हाला बोलता येतं, आणि बऱ्याचदा शेरा बदलतोही. तरीही पटलं नाही तर महिना जाऊ द्या, मग तोच फोटो पुन्हा पाठवा. दुसऱ्या वेळी परीक्षक वेगळे असतात. तोवर फोटोचे सगळे हक्क अर्थातच तुमचेच. छापायचा असेल तर आम्ही विचारतो, आणि पुढच्या बैठकीची फाईल गुरुवारी रात्रीपर्यंत आलेली बरी, कारण शुक्रवारी पडदा आणि प्रोजेक्टर कोणाच्या तरी लग्नाला गेलेले असतात.